चौकटीत मावेल एकच नाव

लिटलटन, ६ मे

प्रिय नोला आत्या,

खारवलेल्या टिटी समुद्रपक्ष्यांची बादली पोचली. तुमच्या भाच्याने ती घरी नेण्याइतकाही धीर धरला नाही, स्टुडिओतच झाकण उघडलं. नेमक्या त्याच वेळी एक बाई लग्नपत्रिकेचे नमुने बघायला आल्या होत्या. नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "कागद सुरेख आहे हो, पण वास जाईल ना?" रेवी म्हणाला, "आठवडाभरात जातो." त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. पक्षी मात्र फर्मास होते.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे फोनवर सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहितेय. वाचून झालं की पत्र चुलीत टाका.

आमचा तो नियम तुम्हाला माहीत आहे. जुन्या बेकरीत स्टुडिओ थाटला त्या पहिल्याच आठवड्यात आम्ही ठरवलं होतं, की खुर्ची असो, पुस्तकाचं मुखपृष्ठ असो नाहीतर चीजच्या डब्यावरचं लेबल, "हे कुणी केलं?" असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: दोघांनी. जो "माझी कल्पना" म्हणेल त्याने आठवडाभर भांडी घासायची. गंमत म्हणून केलेला नियम, पण अकरा वर्षांत त्याचा कायदा झाला. लोकांना फार कौतुक. "काय जोडी आहे!" म्हणतात.

आता टुई बेच्या धक्क्याचं काम मिळालंय. बोटीची वाट बघणाऱ्यांसाठी निवारा, बाकं, पाट्या, सगळं. आजवरचं सगळ्यात मोठं काम. आणि त्यांच्या करारात एक चौकट आहे: मुख्य डिझायनर. त्यात नाव एकच. तेच नाव पितळी पाटीवर कोरून धक्क्यावर लावणार. मी बंदर मंडळाच्या बाईंना फोन केला, दोन नावं चालतील का म्हणून. त्या म्हणाल्या, "काही पडलं-झडलं तर फोन करायला आम्हाला एक माणूस लागतं. दोघांना केला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात."

रेवी म्हणतो, "तुझं टाक." मी म्हणते, "छे, तुझं टाक." गेले तीन आठवडे आम्ही एकमेकांशी इतकं सभ्य वागतोय की मला भीती वाटायला लागली आहे. काल त्याने विचारलं, "तुला चहा चालेल का?" अकरा वर्षं हा माणूस कप आपटून जायचा.

खरं सांगू? ती कल्पना माझी आहे. ईस्टरला तुमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. निवाऱ्याची भिंत कुठल्या बाजूला घ्यायची यावर डोकं फुटायची वेळ आली होती, कारण वारा कधी दक्षिणेचा, कधी वायव्येचा. तेव्हा मी म्हणाले, "भिंत सरळ कशाला? सापासारखी वळवू या. वारा कुठूनही येवो, कुठल्या तरी वळणात माणूस बसेल." रेवी तेव्हा टोस्टशी खेळत होता. तुम्ही शेगडीपाशी उभ्या होतात. आठवतं ना?

मला ते नाव हवंय, आत्या. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि आजवर माझ्या एकटीच्या नावावर फक्त गाडीचा परवाना आहे. हे लिहितानाही लाज वाटते. तुम्हाला आठवत असेल तर तेवढं कळवा, म्हणजे मला वेड लागलेलं नाही एवढं तरी कळेल. रेवीला पत्ता लागू देऊ नका.

तुमची
मेरन

लिटलटन, ९ मे

आत्या,

पक्षी संपले. पुढची बादली केव्हा?

एक विचारायचंय. मेरनला कळता कामा नये. ती तुला फार मानते, आणि तिला वाटेल मी तुला फितवतोय. फितवतोयच म्हण.

टुई बेच्या निवाऱ्याची नागमोडी भिंत माझी कल्पना आहे. ईस्टरला तुझ्या टेबलावर मी टोस्टचे तुकडे एकामागे एक उभे केले आणि वळवत नेले. मीठदाणी म्हणजे बोट. वाऱ्याऐवजी फुंकर मारून दाखवली, एकही तुकडा पडला नाही. मेरनने ते बघितलं आणि मग शब्दांत सांगितलं. ती शब्दांत फार छान सांगते. त्यामुळे लोकांना वाटतं तिलाच सुचलं. हल्ली तर तिलाही वाटतं.

तू तिथेच होतीस. टोस्ट तूच भाजत होतीस.

आता त्यांना करारात एकच नाव हवंय. मी म्हणतो तिचं टाका. तोंडाने म्हणतो. पोटात काय होतं ते तुलाच सांगतो. बाबा दर खेपेला यायचे, खुर्चीवर हात फिरवून बघायचे आणि विचारायचे, "छान आहे रे, पण यातलं तू काय केलंस?" मी नियमाप्रमाणे म्हणायचो, "दोघांनी केलं." ते मान हलवायचे. तुझा भाऊ कसा होता तुला माहीत आहे, त्यांना वाटायचं बायको काढते आणि पोरगं खिळे ठोकतं. ते गेले तरी त्यांना खरं उत्तर दिलं नाही मी. कुठलंच दिलं नाही.

ते नाव मला हवंय. मेरनचा हक्क मारून नकोय. पण जर माझंच असेल तर हवंय.

तेवढं सांग, माझंच होतं ना?

रेवी

ओबन, स्टुअर्ट बेट, २० मे

मेरन पोरी,

चार दिवस बोट नाही, विमान नाही. वाऱ्याने माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर शेजारच्या आवारात नेऊन ठेवलं. शेजारीण म्हणते, ठेवून घेऊ का? तिच्या खुराड्याला ते जास्त शोभतं, हेही खरं.

तू विचारलंस त्याचं उत्तर: स्वच्छ आठवतं. तूच म्हणालीस. मी शेगडीपाशी होते आणि मनात म्हटलं, वा, काय डोकं चालतं या मुलीचं! रेवी नेहमीसारखा खाण्याशी चाळे करत होता. लहानपणापासूनची सवय आहे, त्याच्या आईने हात टेकले होते.

लाज कसली वाटायची त्यात? आपलं ते आपलं. पण घरात भांडण नको हं. पत्र चुलीत टाकलं.

नोला आत्या

ओबन, २० मे

रेवी,

बादली हवी असेल तर आधीची रिकामी परत पाठव. इथे बादल्या झाडाला लागत नाहीत.

तुझं म्हणशील तर स्वच्छ आठवतं. टोस्ट उभे केलेस ते तूच. मी बघितलं आणि मनात म्हटलं, पोरगं हाताने विचार करतं, अगदी आजोबांसारखं. मेरन बोलत होती, पण ती तशी बोलतच असते, चांगल्या अर्थाने म्हणतेय.

तुझ्या बापाचं मनावर घेऊ नकोस. तो माझ्याशीही तसाच वागायचा. बायकोला दुखवू नकोस म्हणजे झालं.

आत्या

लिटलटन, १६ जून

नोला आत्या,

हे पत्र आम्ही दोघं मिळून लिहितोय. मी लिहितेय, रेवी मागे उभा राहून मानेवर श्वास सोडतोय.

गेल्या रविवारी दुपारी आमची सभ्यता संपली. रेवी बशी पुसता पुसता म्हणाला, "टाक ना तुझं नाव चौकटीत. माझं मन मोठं आहे." मी म्हटलं, "जे तुझं नव्हतंच ते द्यायला मन मोठं कशाला लागतं?" बशी फुटली. कुणी फोडली? दोघांनी.

मग तो म्हणाला, "आत्याला विचार!" मी म्हटलं, "विचारलंय!" तो म्हणाला, "मीही विचारलंय!" मी कागदांच्या कपाटाकडे धावले, तो हत्यारांच्या पेटीकडे. टेबलावर दोन पाकिटं. तारीख एकच, अक्षर एकच, आणि दोन्हीत "स्वच्छ आठवतं"!

आत्या, मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की तुम्ही समोर असतात तर "तुम्ही" म्हणायचं विसरले असते.

(रेवी लिहितोय: मी "तू"च म्हणतो, त्यामुळे मला सोय आहे. तू खोटारडी आहेस. दोघांपैकी एकाशी तरी नक्कीच.)

तुम्हाला वाटेल आम्ही हसलो असू. नाही हसलो. अर्धा दिवस भिंत शब्दांची की टोस्टची यावर गेला. मग ती जुनी प्रकरणं निघाली, जी कधी काढायचीच नाहीत म्हणून नियम केला होता. पुस्तकाच्या दुकानाची पाटी कुणाची, लहान मुलांसाठी बनवलेल्या पलंगाचा तो कोपरा कुणाचा. संध्याकाळी रेवीने खडू घेतला आणि स्टुडिओच्या बरोब्बर मधून रेघ मारली. इकडे मी, तिकडे तो. छपाईयंत्राचा कागद माझ्या बाजूला येतो आणि दांडा त्याच्या. सहा दिवस एक अक्षर छापलेलं नाही. काल तो बंदरापलीकडे भाड्याने घ्यायला म्हणून एक गोदाम बघून आलाय.

(नुसतं बघून आलोय.)

करार तीस जूनला द्यायचाय. तेव्हा आता खरं सांगा. या वेळी एकच पत्र, दोघांच्या नावे. ज्याचं नाव निघेल त्याचं चौकटीत जाईल. दुसऱ्याचं काय होईल ते मात्र आम्हाला माहीत नाही. खरंच नाही.

मेरन
(आणि रेवी)

ओबन, २२ जून

मेरन आणि रेवी,

मी काहीच ऐकलं नाही.

माझा उजवा कान दोन हिवाळ्यांपूर्वी गेला आणि डावाही त्याच वाटेवर आहे. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक ओरडून बोलायला लागतात आणि गमतीचं मात्र काही सांगत नाहीत. तुम्ही टेबलाशी बसता तेव्हा मला तोंडं हलताना दिसतात. तुम्ही हसलात की मी हसते. ईस्टरला मी तुमच्याकडे पाठ करून उभी होते आणि पाव करपत होता. कोण काय म्हणालं, कुणी काय उभं केलं, देव जाणे. टोस्ट शेवटी मीच खाल्ले.

तेव्हा तुमच्या खटल्यात साक्षीदार नाही. आता खोटं का बोलले ते सांगते, मग वाटेल तेवढं चिडा.

लग्न झाल्यापासून क्लॅरी आणि मी चौतीस वर्षं बोटी बांधल्या. फळ्या तो बसवायचा. फटी मी भरायचे, शिडं मी शिवायचे, आणि पुष्कळदा बोटीचा आकारही मीच जमिनीवर खडूने काढून द्यायचे. बोट कुणाची? क्लॅरीची. तो खोटं कधी बोलला नाही. भला माणूस होता. कुणी विचारलंच नाही, म्हणून त्याने सांगितलंच नाही. तो गेला तेव्हा सभागृहात एकेक जण उठून त्याच्या बोटींबद्दल बोलला. "काळी मॅगी"बद्दल तर तिघं बोलले, अशी बोट या सामुद्रधुनीत पुन्हा होणार नाही म्हणून. काळ्या मॅगीची रेघ न् रेघ माझी आहे. मी तेव्हा सँडविच वाढत होते.

त्यानंतर कितीदा वाटलं, कुणीतरी एकदा मला म्हणावं: नोला, ती तूच केलीस, मला स्वच्छ आठवतं. म्हणायला कुणी उरलं नाही. मग एकाच आठवड्यात तुमची दोन पत्रं आली, दोघांना नेमकं तेच वाक्य हवं होतं. म्हटलं, एवढं तर आपल्याकडे देण्यासारखं आहे. दिलं. दोघांनाही दिलं, कारण दोघंही माझीच. पुढे काय होईल याचा विचार केला नाही, म्हातारपणी तेवढी मुभा असते असं वाटलं होतं.

चुकले मी. पण आता माझं बोलून घेते. तुमचा तो नियम मला पहिल्यापासून आवडला नव्हता. आमच्याकडे सगळं "क्लॅरीने केलं" होतं, तुमच्याकडे सगळं "दोघांनी केलं". दोन्हीकडे एकमेकांना सांगायचं राहूनच गेलं. मला तर आता सांगता येत नाही. तुम्ही एका छपराखाली असून पत्र मला लिहिता! रेवी, तुझी बायको खडूच्या रेघेपलीकडे बसली आहे, तिला सांग तुला काय हवंय ते. मेरन, तूही. मोठ्याने. आणि भांडी ज्याची पाळी असेल त्याने घासावीत.

गोदाम घेऊ नकोस रे. हात जोडते.

नोला

लिटलटन, १ जुलै

आत्या,

करार पाठवला. चौकटीत मेरनचं नाव आहे.

तुझं पत्र मेरनने मोठ्याने वाचलं, सँडविचपाशी तिला पुढे वाचता येईना, म्हणून उरलेलं मी वाचलं. मग ती म्हणाली, "रेवी, मला ते नाव हवंय." अकरा वर्षांत तिने असं सरळ काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, "मलाही हवंय." मग बाबांचं सगळं सांगितलं. तिला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिने आधी म्हटलं म्हणून या वेळी तिचं. याहून चांगला हिशेब आम्हाला सुचला नाही.

मग अकरा वर्षांची कामं काढून बसलो आणि एकेक वाटून घेतलं. तू पैज लावली असतीस तर हरली असतीस, असं काही निघालं. आमच्या ज्या घडीच्या खुर्चीला बक्षीस मिळालं ना, ती मी इतकी वर्षं मेरनची समजत होतो आणि मेरन माझी. आता ती कुणाचीच नाही. कोपऱ्यात अनाथासारखी पडली आहे.

नाव मी माझ्या हाताने लिहिलं. मोठ्या मनाने नाही. तेव्हापासून फुगून बसलोय, आज तिसरा दिवस. मेरन म्हणते, घे तुझा वेळ. गोदामवाल्याला नाही म्हणून कळवलं. रेघ पुसली, पण बेकरीच्या त्या जुन्या फरशीवर तिचा डाग राहिलाय.

पुढच्या गुरुवारी तुला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला येतोय. रिकामी बादली आणतो. आणि काळ्या मॅगीचं सगळं मला पहिल्यापासून सांगायचं. मी लिहून घेणार आहे.

रेवी

लिटलटन, ११ मार्च

प्रिय नोला आत्या,

नव्या यंत्राने जास्तच ऐकू येतं ही तुमची तक्रार वाचली. शेजारीण तुमच्याबद्दल काय बोलते ते आता कळतंय म्हणता, तर मग छप्पर परत मागाच.

काल टुई बेचा धक्का सुरू झाला. तुम्हाला गुडघ्यामुळे येता आलं नाही, म्हणून सगळं सांगते. सकाळपासून दक्षिणेचा वारा, टोप्या उडत होत्या. बंदर मंडळाच्या बाईंचं भाषण चालू असताना लोक हळूहळू एकेक करून उत्तरेकडच्या वळणात जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. एक आजोबा डबा उघडून खायलाच लागले. भाषण कुणी ऐकलं नाही. मला इतका आनंद झाला!

मग पाटीवरचं कापड ओढलं. मेरन टुलॉक. पितळेत. टाळ्या वाजल्या. आणि आत्या, इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव अडकला होता ते समोर होतं आणि मी पाटीकडे बघतच नव्हते. गर्दीत रेवीला शोधत होते. तो सगळ्यात मागे उभा होता, लिंबू चावल्यासारखं तोंड करून, आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. दोन्ही एकदम. त्याचं ते तोंड बघून मला रडू आलं. मी या माणसावर फार प्रेम करते, आत्या. "दोघांनी" म्हणण्याच्या सगळ्या वर्षांत मला हे असं थेट कधी कळलं नव्हतं.

एका बाईने त्याला विचारलं, "ही बाकं कुणी केली हो?" तो म्हणाला, "बाकं मी केली. भिंतीचं वळण तिचं आहे, असं ती म्हणते."

परतताना गाडी तो चालवत होता. बोगद्याच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "पाटीवरची अक्षरं जरा दाटीवाटीने बसली आहेत." ती अक्षरं मीच काढली आहेत. मी म्हटलं, "हो, बसली आहेत." मग दोघंही हसत सुटलो, इतके की गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता पुढचं काम अकारोआच्या वाचनालयाचं. त्याच्या करारातही एक चौकट आहे, आणि तिच्यात रेवीने परवा स्वतःचं नाव लिहिलं. काल संध्याकाळी त्याने मला आराखडे दाखवले. खिडक्यांत बसायच्या जागा, पुस्तकांच्या मधून जाणारा उतार. मी एकेक कागद उलटत गेले. त्यात माझी एकही रेघ नाही. मी त्याला म्हटलं, "रेवी, हे सगळं तू केलंस." तो चष्मा काढून उगाच पुसत बसला.

फार सुंदर झालंय, आत्या. आणि मी आत्तापासूनच जळतेय.

तुमची
मेरन